कार्ब्युरेटर शेवटी

कोकणच्या किनाऱ्यावर आउटबोर्ड इंजिन कुरकुरू लागले की निदान ठरलेले असते: कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला. होडीचा मालक हेच सांगत येतो, खलाशी मान डोलावतात आणि मेकॅनिकही तेच धरून चालतो. वरचे झाकण निघते, कार्ब्युरेटर उतरतो, जेट पेट्रोलात बुडवून हवेने फुंकले जातात, सगळे परत बसते आणि इंजिन पिंपातल्या पाण्यात छान चालू होते. मजुरी दिली जाते, होडी जाते आणि पुष्कळदा काही दिवसांनी तीच होडी त्याच तक्रारीसह परत येते. मासेमारीच्या होड्या आणि पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी, दोन्हींच्या इंजिनांवर काम करताना हा फेरा नेहमी दिसतो. तो का घडतो याचा विचार केला की एक नियम हाती लागतो, आणि या लेखात मला तोच मांडायचा आहे. इंधनाची तक्रार असेल तर कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी उघडावा. त्यात दोष असूच शकत नाही असे माझे म्हणणे नाही. तो आधी उघडला की दोष कुठे होता हे सांगणारा पुरावा पुसला जातो, ही माझी हरकत आहे.

पेट्रोल टाकीतून सिलिंडरपर्यंत कसे जाते ते आधी पाहू. टाकीच्या झाकणावर हवा आत घेणारा छोटा स्क्रू असतो. टाकीच्या तळापर्यंत एक नळी गेलेली असते आणि तिच्या तोंडाला जाळी असते. तिथून रबरी नळी निघते, नळीत हाताने दाबायचा फुगा म्हणजे प्रायमर बल्ब असतो, पुढे इंजिनाला जोडायचा कनेक्टर, मग फिल्टर, मग पडद्याचा पंप आणि अगदी शेवटी कार्ब्युरेटर. मोजून पाहिले तर यातली निम्मी जागा इंजिनाच्या बाहेर, होडीच्या तळात पडलेली आहे. तिच्यावर ऊन पडते, खारे पाणी येते, जाळ्यांचे शिसे आदळते, माणसांचे पाय पडतात. इंजिनाच्या झाकणाखालचा भाग तुलनेने सुखात असतो. तरीही संशय जातो तो झाकणाखालच्या भागावर, कारण तिथे पितळी जेट आहेत, स्क्रू आहेत, कारागिरी दाखवायला वाव आहे. नळीचा क्लिप बदलण्यात कसली कारागिरी? दोष जिथे असण्याची शक्यता जास्त तिथे आपण शोधत नाही, आणि जिथे हात चालवता येतो तिथे शोधतो, ही पहिली गफलत आहे.

दुसरी गफलत यापेक्षा सूक्ष्म आहे. दोन-तीन हॉर्सपॉवरच्या लहान इंजिनांवर टाकी माथ्यावरच बसवलेली असते, पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते आणि नळीला भोक पडले तर थेंब गळतात. मोठ्या आउटबोर्डची टाकी मात्र खाली होडीत असते आणि पंपाला पेट्रोल वर ओढून घ्यावे लागते. टू-स्ट्रोक इंजिनात हा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर चालतो, फोर-स्ट्रोकमध्ये बहुधा कॅमशाफ्टवर. दोन्हींची ओढण्याची ताकद बेताचीच. टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी चालत्या इंजिनात ओढीखाली असते, म्हणून तिच्यात चीर असेल तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळी बाहेरून कोरडी, स्वच्छ, बिनवासाची दिसते आणि आत मात्र पेट्रोलाबरोबर बुडबुडे चाललेले असतात. “कुठे गळत नाही, मी पाहिले” हे वाक्य म्हणूनच या भागाबाबत काहीही सिद्ध करत नाही. फुगा दाबल्यावर त्याच्या पुढच्या नळीत दाब येतो आणि तिथली चीर तेवढ्यापुरती ओली होते. टाकी आणि फुगा यांच्यामधल्या नळीत तोही दाब येत नाही, कारण फुग्याच्या तोंडाची झडप पेट्रोल मागे जाऊ देत नाही. त्या तुकड्यातली चीर डोळ्यांना कधीच दिसत नाही. ती ओळखायची तर इंजिनाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडून बुडबुडे पाहावे लागतात आणि तपास झाल्यावर तो काढून ठेवावा लागतो, कारण साधी प्लॅस्टिकची नळी पेट्रोलाने कडक होते आणि पुढे तीच तडकते.

फुग्याला लोक नुसता सुरू करण्याचा पंप समजतात. माझ्या मते होडीवरचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलके मोजमापाचे साधन तेच आहे. इंजिन चालू असताना फुगा चपटा होऊन आत ओढला जात असेल तर अडथळा फुग्याच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे: हवेचा स्क्रू बंद राहिला, जाळी तुंबली किंवा नळीचे आतले अस्तर सुटून आत कोसळले. सुरुवातीला कितीही दाबला तरी फुगा घट्टच होत नसेल तर मागून हवा येते आहे, त्याच्या झडपा गेल्या आहेत किंवा पुढे फ्लोटची सुई बसत नसल्याने पेट्रोल ओसंडते आहे. ओसंडत असेल तर ते कार्ब्युरेटरपाशी ओले दिसेलच. इंजिन भुकेले होऊन दम टाकत असतानाही फुगा दगडासारखा घट्ट राहिला तर पेट्रोल त्याच्यापर्यंत पोचले आहे आणि पुढे कुठेतरी अडले आहे: कनेक्टर, फिल्टर, पंप. आणि इंजिन मरू लागल्यावर फुगा दाबला की ते लगेच सावरत असेल, तर कार्ब्युरेटरचे जेट बहुतांशी मोकळे आहेत हे त्याच क्षणी कळते, कारण त्याच जेटांतून तेच पेट्रोल आता नीट जाते आहे. मग दोष एक तर पंपात आहे किंवा पंपाच्या मागे. पाना न उचलता, एका हाताने, दोन मिनिटांत एवढी माहिती मिळते. ती न घेता झाकण उघडणे म्हणजे रुग्णाची नाडी न पाहता शस्त्रक्रियेला हात घालणे.

यानंतरची पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते: मार्गाचे दोन भाग करायचे. ताज्या पेट्रोलाची दुसरी टाकी, तिची स्वतःची नळी आणि फुगा घेऊन इंजिनाला जोडायचा आणि तक्रार जिथे येत होती त्याच वेगाने इंजिन चालवायचे. तक्रार गेली तर टाकीपासून कनेक्टरपर्यंतचा भाग दोषी; राहिली तर हा सगळा भाग निर्दोष. दोन्ही उत्तरे सारखीच उपयोगी आहेत. दोष कुठे आहे हे शोधण्यापेक्षा तो कुठे नाही हे पक्के करत गेले की उरलेली जागा आपोआप लहान होते. दोष इंजिनाकडे आहे असे ठरले तर पुन्हा दोन भाग करायचे. दम टाकणाऱ्या इंजिनाला थोडा चोक द्यावा. ते सुधारले तर पेट्रोल कमी पडते आहे. बिघडले तर पेट्रोल जास्त होते आहे किंवा प्रश्न इंधनाचा नसून ठिणगीचा आहे. प्लग काढून शेजारीशेजारी ठेवावेत. सगळे सारखे पांढरट असतील तर उणीव सर्वांना सामाईक असलेल्या मार्गात आहे. एकच वेगळा दिसला तर त्या सिलिंडरच्या वाट्याचे काहीतरी बिघडले आहे. एकच प्लग पेट्रोलाने भिजला असेल तर कार्ब्युरेटर ओसंडतो आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण टू-स्ट्रोकमध्ये पंपाच्या पडद्याला बारीक भोक पडले तरी पेट्रोल दाबाच्या नळीवाटे थेट त्याच एका सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये उतरते आणि लक्षण हुबेहूब तसेच दिसते. असा पंप ज्या इंजिनावर आहे त्याचा कार्ब्युरेटर कितीही वेळा धुतला तरी फरक पडायचा नाही.

वेळ हाही पुरावा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पेट्रोल पूर्ण बंद केले तरी फ्लोटच्या वाटीतल्या साठ्यावर इंजिन काही काळ चालतेच. स्लोवर हा काळ बराच लांबतो, पूर्ण रेसवर तो काही सेकंदांचा असतो. म्हणून कारण घडणे आणि लक्षण दिसणे यांत अंतर पडते आणि माणूस नेमका त्या अंतरात फसतो. टाकीचा हवेचा स्क्रू बंद असेल तर इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होते, थोडा वेळ उत्तम चालते, टाकीत ओढ साठत गेली की गळपटते आणि बंद पडते. झाकण सैल केले की आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज येतो आणि इंजिन पुन्हा चालते. कुणी टाकी हलवताना झाकण सहज फिरवले, तर “आपोआप बरे झाले” अशी नोंद होते. तक्रार सांगणाऱ्याला “काय होते” याबरोबर “सुरू केल्यापासून किती वेळाने होते, किती रेसवर होते, बंद पडताना एकदम पडते की दम टाकत पडते” हे विचारले तर अर्धे निदान बोलण्यातूनच निघते. ठिणगी गेली तर इंजिन बहुधा स्विच बंद केल्यासारखे तुटते. पेट्रोल कमी पडले तर ते आधी आवाज बदलते, गचके देते आणि मग मरते. हा नियम दर वेळी लागू पडत नाही, गरम झाल्यावर बिघडणारी कॉइल त्याला चकवू शकते. पण सुरुवात कोणत्या बाजूने करावी एवढे तो सांगतो.

आता मूळ प्रश्न: दोष नळीत किंवा पंपात असेल तर कार्ब्युरेटर साफ केल्यावर इंजिन बरे का होते? उत्तर पिंपात आहे. 40 हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण रेसवर तासाला साधारण 15 ते 20 लिटर पेट्रोल पिते. पिंपात भाराविना स्लोवर फिरताना त्याला याचा अगदी छोटा अंश लागतो. जी नळी निम्मी तुंबली आहे, जो पंप थकला आहे, जी चीर थोडी हवा घेते, ती सर्व एवढेसे पेट्रोल सहज पुरवतात. पिंपातली चाचणी म्हणजे भुकेल्याला एक घास देऊन पोट भरल्याचे जाहीर करणे झाले. त्याशिवाय कार्ब्युरेटर उतरवताना नळ्या निघतात, परत बसतात, क्लिप आवळल्या जातात, कनेक्टर काढून लावला जातो, टाकीचे झाकण उघडते, बऱ्याचदा जुने पेट्रोल ओतून नवे भरले जाते. एका कामाच्या नावाखाली सात-आठ गोष्टी बदलल्या आणि श्रेय मात्र जेट फुंकण्याला मिळाले. यातून मेकॅनिकचा अनुभव वाढत नाही, गैरसमज वाढतो. कारण दर वेळच्या या उसन्या यशाने “कचराच होता” ही समजूत आणखी पक्की होते. कार्ब्युरेटर आधी उघडू नये असे मी म्हणतो ते यासाठी.

यावर पहिला आक्षेप असा की कार्ब्युरेटर खरोखरच तुंबतात, आणि आपल्या किनाऱ्यावर तर हमखास. हे खरे आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटनाच्या बोटी तर ऑगस्टअखेरपर्यंत वर काढलेल्या असतात. वाटीत राहिलेले पेट्रोल या काळात उडून जाते, मागे चिकट राळ उरते आणि तिच्यामुळे पहिला बळी जातो तो स्लोच्या जेटचा, कारण त्याचे छिद्र सर्वांत बारीक. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पाण्यात उतरतात तेव्हा अशी इंजिने येतातच. पण त्यांची ओळखही वेगळी आहे. स्लो बसत नाही, चोक काढला की इंजिन मरते, आणि रेस दिली की मात्र ते व्यवस्थित धावते. पेट्रोलाच्या मार्गातली उणीव याच्या बरोबर उलट वागते: स्लोवर सगळे ठीक आणि भार आला की दम सुटतो. म्हणजे कार्ब्युरेटर दोषी असतो तेव्हाही त्याच्यापर्यंत पुराव्यानेच पोचता येते. आणि जी तक्रार पावसाळ्यानंतर नाही, भर जानेवारीत रोज चालणाऱ्या इंजिनाला आली, तिला पावसाळ्यातल्या राळेचे स्पष्टीकरण पुरत नाही. रोज चालणाऱ्या इंजिनाच्या जेटमध्ये कचरा सापडलाच, तर तो आला कुठून हा प्रश्न उरतो: टाकीचा तळ, सडत चाललेली नळी, फाटलेली जाळी. तो न विचारता जेट साफ करणे म्हणजे पुढच्या साफसफाईची तारीख ठरवणे.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. मासळीचे दिवस मोजके असतात, सुट्टीतले गिऱ्हाईक थांबत नाही. तपासाचे सोपस्कार करायला वेळ कुणाला आहे? हा आक्षेप मी हलका मानत नाही, पण हिशोब नीट मांडला तर तो माझ्याच बाजूने बोलतो. फुगा पाहणे, झाकण सैल करणे, दुसरी टाकी जोडून एक फेरी मारणे याला अर्धा तास पुरतो. कार्ब्युरेटर उतरवून, खोलून, परत बसवायला त्याहून जास्त वेळ लागतो. शिवाय जुनी गॅस्केट फाटते, मऊ पितळेच्या जेटचे डोके चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने गोल होते, फ्लोटची उंची हलते आणि जो दोष नव्हता तो निर्माण होतो. त्यातच चुकीचे निदान धक्क्यावर उघडे पडत नाही. ते खाडीच्या मुखाशी, लाटा फुटतात त्या जागी, पूर्ण रेस हवी असते नेमक्या तेव्हा उघडे पडते. तिथे वाया जाणारी गोष्ट वेळेपेक्षा मोठी असते.

तिसरा आक्षेप अनुभवी माणसांकडून येतो: जुना मिस्त्री आवाजावरून सांगतो, त्याला चाचण्यांची गरज नसते. अशा कानाबद्दल मला आदर आहे, कारण तो खोटा नसतो. इंजिन भुकेले आहे की ठसकते आहे, किती सिलिंडर मारताहेत, हे ऐकून कळते. पण भूक कशामुळे आहे हे आवाज सांगत नाही. बंद स्क्रू, चिरलेली नळी, थकलेला पडदा आणि तुंबलेला मोठा जेट या चारही कारणांनी इंजिन सारखेच ओरडते. कान प्रश्न नेमका करतो आणि उत्तर चाचणी देते. ज्या मिस्त्रींचा अंदाज खरोखर अचूक असतो ते काम करताना पाहिले तर त्यांचा हात बोलता बोलता आधी फुग्याकडे गेलेला असतो. ते चाचणी करतातच, फक्त तिला नाव देत नाहीत, आणि म्हणून हाताखालच्या पोराला ती शिकवलीही जात नाही.

चौथा आक्षेप अलीकडचा आहे: आता सगळा दोष पेट्रोलाचा. 2022 मध्ये देशात इथेनॉलचे मिश्रण 10 टक्क्यांवर गेले, फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्क्यांचे पेट्रोल विक्रीला आले आणि 2025 पर्यंत ते जवळजवळ सर्वत्र पोचले. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिका मात्र 10 टक्क्यांवर मर्यादा घालतात. अमेरिकेत तर 15 टक्के इथेनॉलचे पेट्रोल बोटीच्या इंजिनात वापरायला मनाई आहे. तेव्हा तक्रारीत तथ्य आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलाला वजनाच्या 14.7 पट हवा लागते तर इथेनॉलला 9 पट. ठरावीक जेटच्या कार्ब्युरेटरमधून तेवढेच इंधन येते, म्हणून मिश्रण पातळ पडते आणि इंजिन गरम चालते. इथेनॉल जुन्या नळीचे रबर फुगवते, टाकीतली जुनी राळ सोडवून पुढे ढकलते आणि पाणी शोषते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, आणि टाकीची नळीही तळाशीच असते. टू-स्ट्रोकमध्ये हे आणखी घातक, कारण मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलात राहते आणि खालच्या थरातून पिस्टनला वंगण मिळत नाही. हे सगळे मान्य करूनही “पेट्रोल खराब” हे निदान होत नाही. त्याच पंपावर भरलेली शेजारची होडी नीट चालत असेल तर या होडीत वेगळे काय आहे हे सांगावेच लागते. पातळ मिश्रणाचा त्रास प्रत्येक टाकीला, प्रत्येक फेरीला सारखाच व्हायला हवा. येत-जात राहणारी तक्रार त्यात बसत नाही. आणि पाण्याचा संशय असेल तर टाकीच्या तळचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवावे. दोन थर दिसले तर संशय खरा, नाहीतर तो मागे घ्यावा. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवणे हा उत्तम उपाय आहे, पण तोही तुंबला की अडथळाच होतो, म्हणून पुढच्या तपासात त्याचेही नाव यादीत घालावे लागते.

राहिली नवी इंजेक्शनची इंजिने. त्यांना कार्ब्युरेटर नाही, आणि “आता स्कॅनर सांगेल” असे म्हटले जाते. स्कॅनर सेन्सरचे बोलणे सांगतो, आणि अनेक आउटबोर्डमध्ये इंधनाचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. शिवाय मोठ्या दाबाच्या पंपाआधी या इंजिनांनाही तोच फुगा, तीच नळी, तीच टाकी लागते. नळीत हवा शिरली तर संगणकाच्या पडद्यावर कधी कधी काहीही उमटत नाही आणि समुद्रात इंजिन मात्र दम टाकते. कार्ब्युरेटर गेला म्हणून संशयाची जागा इंजेक्टरने घेतली, आणि तो साफ करण्याचे बिल मोठे असते एवढाच काय तो फरक.

या सगळ्यातून कामाची एक कसोटी निघते. दोष सापडला असे म्हणायचे असेल तर तो घालवता आला पाहिजे आणि परतही आणता आला पाहिजे. जुनी नळी पुन्हा जोडली की इंजिन भाराखाली दम टाकते, नवी लावली की धावते, हे भर पाण्यात दाखवता आले तर निदान पूर्ण झाले. ते दाखवता येत नसेल तर इंजिन चालते आहे एवढेच आपल्याला माहीत आहे, का चालते आहे हे माहीत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, प्रत्येक बदलानंतर तक्रारीच्या वेगानेच चाचणी घ्यावी, आणि काढलेला भाग मालकाला दाखवावा. मालकांनीही बिलावर फक्त “कार्ब्युरेटर साफ केला” असे लिहिलेले स्वीकारू नये. ते केलेले काम आहे, सापडलेले कारण नाही. बिलावर कारणासाठी एक ओळ मागायला सुरुवात झाली, तर ती ओळ भरण्यासाठी मेकॅनिकला आधी टाकीपाशीच बसावे लागेल.